बोट कुठल्या पानावर?

उदगीरच्या एका वाचनालयातल्या ताईंनी विचारलंय: "दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे पंधरा-वीस जण जमतात. निम्मी शाळकरी पोरं, निम्मी मोठी माणसं. जो तो सध्या जे कॉमिक वाचतोय त्यावर दोन शब्द बोलायचे, असं ठरवलं. पण 'भारी आहे', 'चित्रं छान आहेत' यापुढं गाडी सरकत नाही. नाहीतर एखादा उठतो आणि शेवटासकट सगळी गोष्ट सांगून मोकळा होतो. अर्धवट वाचलेल्या पुस्तकावर मत द्यावं का? आणि तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बाकीचं त्याच्या ओघात येईल.

मी सेलूत अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, हे पगाराचं काम. शनिवारची सकाळची शाळा सुटली की चित्रकलेच्या खोलीत कॉमिक्स वाचायची, हा नाद. निवृत्तीनंतर तो अड्डा आमच्या ओसरीवर आला. आता पोरांसोबत त्यांचे आजोबाही येतात, चहाच्या निमित्तानं.

सध्या उशाशी तीन पुस्तकं आहेत. ओसामू तेझुका या जपानी चित्रकाराच्या 'बुद्ध'च्या इंग्रजी आवृत्तीचा दुसरा भाग. 'भीमायन', तिसऱ्यांदा. आणि रद्दीवाल्याकडं सापडलेला, मुखपृष्ठ गेलेला मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा एक अंक, वेताळाचा.

'भीमायन'पासून सांगतो, कारण त्या पुस्तकानं माझी चांगलीच फजिती केली. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता, २०११ साली पुस्तक आलं. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाणी, निवारा आणि प्रवास यांचे प्रसंग त्यात आहेत. मी पहिल्यांदा एका रात्रीत चाळलं आणि शनिवारी पोरांपुढं ऐटीत मत ठोकून दिलं: विषय मोठा आहे, पण चित्रं गिचमिड झालीत, चौकटी नाहीत, नजर कुठून कुठं न्यायची तेच कळत नाही.

पुस्तक पोरांच्या हातात फिरत होतं. सातवीतला एक पोरगा, वडील विहिरी खोदायच्या कामावर, पान डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "सर, ह्या फुग्याला इच्चूची नांगी काहून काढली?"

मी पाहिलं. खरंच नांगी होती. पुढच्या पानावर पाहिलं, तिथं बोलण्याचा फुगा पाखराच्या आकाराचा. मग आम्ही सगळेच त्या पुस्तकावर ओणवे झालो. ज्याच्या बोलण्यात जातीचा विखार, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मायेनं बोलणाऱ्याचा फुगा पाखरासारखा. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. कोण कसं बोलतंय हे शब्द वाचायच्या आधीच कळावं, अशी ती सोय. आयुष्यभर रेषा शिकवणाऱ्या माणसाला ती दिसली नव्हती. दगड उचलताना आधी विंचू बघायची सवय असलेल्या पोराला दिसली.

चौकटी नसण्याबद्दलही मी चुकलोच होतो. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर दिग्ना नावाच्या नक्ष्या काढतात. पानावरचे प्रसंग वेगळे करायचं काम इथं त्या नक्ष्या करतात. चित्रकारांनी पुस्तकाच्या शेवटी सांगितलंय की माणसांना डब्यात कोंबणं त्यांना मानवत नाही, त्यांची कला मोकळी आहे. हे वाचल्यावर मला अजिंठ्याची सतरा नंबरची लेणी आठवली. तिथं विश्वंतर जातकात एकच राजपुत्र त्याच भिंतीवर पुन्हापुन्हा दिसतो, आणि एक प्रसंग संपून दुसरा सुरू झाला हे महालाच्या खांबांवरून आणि दारांवरून ओळखायचं. पोरांच्या सहली घेऊन किती वेळा त्या भिंतीपुढं उभा राहिलोय, गाइडच्या आधी मीच सांगायचो. आणि तीच गोष्ट कागदावर आली तर म्हणे गिचमिड.

त्याच पुस्तकात दौलताबादचा प्रसंग आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि सुमारे तीस सहकारी किल्ला बघायला आले. प्रवासातल्या धुळीनं तोंडं माखलेली. दरवाज्याबाहेरच्या भरलेल्या हौदावर काहींनी हातपाय धुतले आणि 'हौद बाटवला' म्हणून कालवा झाला. शेवटी आत सोडलं ते किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. आमच्या पोरांनी दौलताबाद पाहिलेला असतो तो चांदमिनार, अंधारी आणि वरची तोफ यांच्यासाठी. हे पान वाचल्यावर पुढच्या सहलीत एकीनं मला दरवाज्याबाहेर थांबवून विचारलं, "सर, तो हौद कुठंय?" पुस्तकावरचं याहून नेमकं मत मी आजवर ऐकलेलं नाही.

त्या नांगीपासून आमच्या ओसरीवर एकच नियम आहे. मत द्यायचं तर पुस्तक उघडायचं, एका पानावर बोट ठेवायचं आणि त्या पानाबद्दल बोलायचं. पुस्तक घरी राहिलं असेल तर त्या दिवशी फक्त ऐकायचं. 'चित्रं छान आहेत' म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, कुठलं? एकदा पान उघडलं की माणूस आपोआप खरं बोलायला लागतो, कारण बाकीच्यांना तेच पान दिसत असतं. ही काही माझ्या डोक्यातून निघालेली युक्ती नाही. आपल्याकडं पैठण शैलीच्या चित्रांचे संच घेऊन चित्रकथी गावोगाव फिरायचे. एक चित्र समोर धरायचं, ते दाखवत गोष्ट गायची, मग पुढचं चित्र. चित्र झाकून कुणी कथा लावत नव्हतं.

गोष्ट सांगून मोकळं होणाऱ्यांचा उपायही यातच आहे. बोट एका पानावर असलं की माणूस चाळीस पानं पळू शकत नाही. पळायला लागला तर म्हणायचं, काका, बोट हललं.

आता अर्धवट वाचलेल्याचं. जरूर मत द्यावं. पण 'मी इथवर आलोय' हे आधी सांगून. तेझुकाचा 'बुद्ध' जपानीत १९७२ ते १९८३ असा अकरा वर्षं क्रमशः येत होता, म्हणजे त्याचे मूळ वाचक कायम अर्धवटच वाचत होते! इंग्रजीत आठ जाड भाग आहेत. सगळे संपेपर्यंत गप्प बसायचं म्हटलं तर आमची ओसरी वर्षभर मुकी राहील.

पहिल्या भागाची सुरुवात एका सशाच्या गोष्टीनं होते. बर्फात पडलेल्या म्हाताऱ्यासाठी बाकीची जनावरं खायला काहीबाही आणतात. सशाला काही मिळत नाही, म्हणून तो स्वतःच आगीत उडी घेतो. ही पानं जवळजवळ मुकी आहेत. नववीतली एक मुलगी त्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं वाचायला काहीच नाही, म्हणून मला सगळ्यात जास्त वेळ लागला." मी तिला म्हटलं, बाई, हे फळ्यावर लिहून ठेव. फुग्यांनी भरलेलं पान आपण पळत वाचतो आणि मुक्या पानावर डोळा रेंगाळतो. चित्रकाराला हे पक्कं ठाऊक असतं. वाचकाची चाल कुठं मंद करायची आणि कुठं वाढवायची, हे तो ठरवतो.

त्याच दिवशी दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीचा विषय निघाला. मी समजावत होतो की या चौकटीत हात उगारलेला आहे, पुढच्या चौकटीत माणूस जमिनीवर पडलाय. मारल्याचं चित्र कुठंच नाही. ते मधल्या पट्टीत, आपल्या डोक्यात घडलं. शेतकऱ्याचा एक पोरगा लगेच म्हणाला, "म्हणजे बांध की, सर. बांधावर कुणी पेरत नाही, पण सगळी भांडणं तिथंच." तेव्हापासून आमच्याकडं त्या पट्टीला बांधच म्हणतात. 'ह्या बांधावर काय झालं?' एवढा एक प्रश्न टाकून बघा, गप्प बसणारी पोरं बोलायला लागतात.

तेझुकानं पहिल्या भागात सिद्धार्थाला बराच वेळ मागंच ठेवलंय. पुढं असतात ती चाप्रा नावाचा गुलाम पोरगा आणि तत्ता नावाचा अस्पृश्य पोरगा, दोन्ही तेझुकाच्या मनातली पात्रं. आमच्यातल्या काहींना हे खटकलं. बुद्धाच्या पुस्तकात ही कोण पोरं? मला मात्र ही युक्ती पटली. राजवाड्यातून गोष्ट सुरू केली असती तर राजपुत्राला काय सोडावं लागलं हेच दिसलं असतं. खालून सुरू केल्यामुळं त्या समाजात जगणं म्हणजे काय हे आधी कळतं. विनोद मात्र कधीकधी माझ्या पचनी पडत नाही. गंभीर प्रसंगात तेझुका मध्येच आजच्या काळातलं काहीतरी आणून घुसवतो. ज्याला चालतं त्याला चालो.

दुसऱ्या भागाच्या इंग्रजी नावाचा अर्थ होतो 'चार भेटी'. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही आपण ऐकत आलेली कथा. आमच्याकडं एक अंगणवाडीताई येतात. घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज वाचला जातो. त्यांनी भागाच्या नावावरच बोट ठेवलं. म्हणाल्या, "बाबासाहेबांनी ही चार दृश्यांची कथा मानलेली नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाला म्हातारं माणूस दिसलंच नाही, हे पटतं का? त्यांनी लिहिलंय की शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झालं, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला आणि त्यातून त्याला घर सोडावं लागलं. ह्या पुस्तकात रोहिणीचं पाणी येतंय का?"

पाण्यावरून भांडण म्हटल्यावर ओसरीवर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. टँकरची रांग सगळ्यांनी पाहिलेली. पण मला त्यांच्या बोलण्याची रीत आवडली. 'पुस्तक चूक आहे' असं त्या म्हणाल्या नाहीत. मी इथवर आले, माझ्याजवळ ही दुसरी मांडणी आहे, आता पुढची पानं या प्रश्नासह वाचणार, असं म्हणाल्या. अर्धवट वाचलेल्यावर मत द्यावं ते असं. पूर्ण वाचून झालेल्या माणसाचं मत बसलेलं असतं. अर्ध्यावरच्या माणसाचं हलतं असतं, आणि ऐकायला तेच मजेचं.

एक व्यवहाराची सूचना. 'बुद्ध'मध्ये उघडी माणसं बरीच आहेत, तत्ता तर नागडाच हिंडतो. आमच्याकडं एका पालकानं रागानं पुस्तक परत आणून आदळलं होतं. चूक माझी. मुखपृष्ठ पाहून पाचवीतल्या पोराच्या हातात दिलं होतं. आता वरच्या फळीवर असतं, नववीच्या पुढं.

मोठ्या माणसांचा पेच वेगळाच असतो. कॉमिक म्हणजे पोरांचं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. आमच्यातले एक आजोबा, कापड दुकानात जन्म गेला, आर्ट स्पीगलमनचं 'माउस' पाहून म्हणाले, "उंदरा-मांजराचं मी काय वाचू?" हिटलरच्या काळात ज्यूंचा छळ झाला, त्याची ती हकीकत. त्यात ज्यू म्हणजे उंदीर आणि जर्मन म्हणजे मांजरं. १९८६ आणि १९९१ अशा दोन खंडांत आलं आणि १९९२ साली त्याला अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्काराचा खास सन्मान मिळाला. हे सगळं मी त्यांना सांगितलं. काही उपयोग झाला नाही. पुरस्कार सांगून कुणी वाचत नाही. नातवानं घरी इंग्रजीचा अर्थ सांगत वाचायला घेतलं तेव्हा सुरुवात झाली.

तीन शनिवारांनी ते पुस्तक घेऊन आले आणि बोट ठेवलं ते ज्या पानावर म्हातारा बाप जागेवरच्या व्यायामाच्या सायकलवर पाय मारत मुलाला जुन्या दिवसांची हकीकत सांगायला लागतो, तिथं. म्हणाले, "आमचे वडीलही असेच सांगायचे. हातातलं काम थांबवायचे नाहीत." मग तुरीच्या शेंगा सोलता सोलता वडिलांनी सांगितलेली रझाकारांच्या वेळची हकीकत त्यांनी सांगितली. रातोरात बैलगाडी जुंपून सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेले, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली आजीनं कमरेला खोचली, सप्टेंबरात मुक्ती झाल्यावर परत आले तेव्हा कुलूप होतं, दार नव्हतं. सगळे गप्प झाले.

अशा वेळी सूत्रधारानं काय करायचं? मी काही वेळ काहीच केलं नाही. मग विचारलं, आजोबा, हे चित्रात काढायचं तर किती चौकटी लागतील? ते म्हणाले, "दोन. कुलूप, आणि कुलूप." मधल्या बांधावर काय झालं ते कुणाला विचारावं लागलं नाही. आठवणी निघू द्याव्यात, पण माणसाला परत पानाकडं आणावं. नाहीतर पुढच्या शनिवारी पुस्तक राहतं बाजूला आणि नुसत्या हकीकती सुरू होतात.

आता इंद्रजाल. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ ते १९९० असं चालवलं, मराठीतही यायचं, आणि लहानपणी मी त्याच्यासाठी एसटी स्टँडवरच्या स्टॉलपाशी तास तास उभा राहिलोय. ली फॉकचा १९३६ सालचा फँटम आपल्याकडं वेताळ झाला. हा फाटका अंक मी आज वाचतोय तो वेगळ्याच कारणासाठी. त्यातले फुगे बघतोय. मूळ फुगा इंग्रजी मजकुराच्या मापाचा. इंग्रजी मोठी अक्षरं एका उंचीची, ओळीवर ओळ चिकटवून बसवता येते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते. मग एकतर अक्षर बारीक करा, नाहीतर वाक्य तोडा. अनुवादातली वाक्यं तुटक वाटली की आपण अनुवादकाला नावं ठेवतो. आधी फुगा बघा. बिचाऱ्यानं पाच ओळींचं बोलणं तीन ओळींत कोंबलेलं असतं.

अनुवादकाला एका बाबतीत मात्र मी माफ करत नाही. आवाजाचे शब्द. मराठी आवाजांच्या बाबतीत इतकी श्रीमंत असताना भाषांतरित कॉमिक्समध्ये सगळीकडं एकच 'धडाम'. दार धाडकन आपटतं, काच खळ्ळकन फुटते, चापट फाडकन बसते, चाबूक सपकन येतो. आमच्याकडचा एक खेळ सांगतो. आवाजाच्या शब्दावर कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि पोरांना विचारायचं, इथं काय ऐकू आलं? ज्वारीच्या कणसांवर बडगा पडताना ऐकलेलं पोरगं जे सांगेल ते छापलेल्यापेक्षा सरस असतं. पंधरा मिनिटं छान जातात, आणि चित्राकडं नीट बघणंही होतं. आवाज ओळखायचा तर काय कशावर आपटलं ते बघावंच लागतं.

अमर चित्रकथा तुमच्या कपाटात असणारच. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या त्या बत्तीस पानी पुस्तकांवर आमच्या दोन पिढ्या वाढल्या, आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या रेषा मी अजूनही विद्यार्थ्यांना गिरवायला देतो. त्यांच्यावर बोलताना फक्त रंगाकडं लक्ष द्यायला सांगा. आमच्याकडं सहावीतल्या एका मुलीनं राक्षसाच्या चित्राशेजारी आपला हात ठेवला आणि म्हणाली, "सर, माझा रंग तर ह्याचा आहे." मी त्यावर काही भाष्य केलं नाही. पोरांनी मग एकेक पुस्तक काढून गोरं कोण, काळं कोण याची यादी केली, त्यात तास गेला. कृष्ण निळा का, यावर अजून वाद चालू आहे.

मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचणारी पोरं तुमच्याकडंही असतील, बहुतेक मोबाइलवर. जपानी पानं मुळात उजवीकडून डावीकडं वाचायची असतात. मराठी माध्यमाची पोरं पहिले दोन दिवस उलट वाचून गोंधळतात. आमच्याकडं उर्दू शाळेतली दोन पोरं येतात, ती पहिल्या पानापासून सरळ वाचत गेली आणि बाकीच्यांना शिकवायला लागली. एरवी ती मागं बसायची. मोबाइलवाल्यांनाही बोटाचा नियम लावा, फक्त फोन आडवा धरून सगळ्यांना दाखवायला सांगा. आणि बॅटरी संपली ही सबब चालणार नाही हे आधीच बजावा.

पंधरा-वीस जणांत सगळ्यांना बोलायला लावू नका. आमच्याकडं एका वेळी चौघं बोलतात, बाकीचे पानं बघतात. बोलणाऱ्याच्या डाव्या हाताला सगळ्यात लहान पोराला बसवा. त्याच्या डोळ्यांची पातळी पानाच्या जवळ असते आणि नांग्या त्यालाच दिसतात. पुस्तक एकच असेल तर जमिनीवर उघडं ठेवून गोल बसा, खुर्च्या नकोत.

माझा 'बुद्ध'चा तिसरा भाग परवा एक पोरगा घेऊन गेलाय, त्यामुळं रोहिणीच्या पाण्याचं उत्तर मला इतक्यात देता येणार नाही. अंगणवाडीताईंनी त्याला दोनदा घरी जाऊन विचारलं. म्हणतो, अजून बांधावरच आहे.